‘कोण?’ आणि ‘तोच का हा?’ : अभिजात कूटकादंबरीचे आजचे वाचन आणि मराठी रहस्यवाङ्मय

मराठीत रहस्यकथा विपुल आहे. अभिजात कूटकादंबरी मात्र विरळ आहे. या विधानातील विरोधाचा उलगडा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ‘कूटकादंबरी’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने योजिली आहे. एक गुन्हा, संशयितांचे एक बंदिस्त वर्तुळ, वाचकासमोर उघड ठेवलेले परंतु सहजी न जाणवणारे दुवे आणि अखेरीस केवळ बुद्धीच्या बळावर होणारी उकल, ही तिची चार अंगे होत. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्रजीत हा प्रकार स्थिरावला. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी १९२० साली प्रसिद्ध झाली, एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ साली वीस नियम मांडले; रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली दहा आज्ञा दिल्या; १९३० साली लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. लेखक आणि वाचक यांच्यात एक करार असतो, वाचकापासून कोणताही आवश्यक दुवा लपवून ठेवायचा नाही, ही या साऱ्या नियमांमागील भूमिका होती.

हा प्रकार आज पुन्हा वाचला जात आहे. ब्रिटिश लायब्ररीने विस्मृतीत गेलेल्या कूटकादंबऱ्यांची मालिका पुनर्मुद्रित केली आणि तिच्यातील जे. जेफरसन फार्जन यांची १९३७ सालची ‘मिस्टरी इन व्हाइट’ ही कादंबरी २०१४ साली अनपेक्षितपणे लोकप्रिय ठरली. जपानमध्ये सेइशी योकोमिझो यांनी १९४६ पासून आणि युकितो आयात्सुजी यांनी १९८७ साली जी परंपरा उभी केली व पुन्हा जागवली, ती अलीकडे इंग्रजी अनुवादांतून जगभर पोहोचली आहे. अशा वेळी मराठी अभ्यासकाने दोन प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते. हा करार मराठीत का रुजला नाही? आणि तो रुजला नाही म्हणून मराठी रहस्यवाङ्मय उणे ठरते काय?

१. उणिवेचा इतिहास की निराळा इतिहास?

मराठी कादंबरीच्या आरंभीच्या वाटांची चर्चा भालचंद्र नेमाडे यांनी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७), लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कृतींच्या आधारे केली आहे. रहस्यकथेचे नाते यांपैकी ‘मुक्तामाले’च्या वाटेशी लावले जाते. अद्भुत प्रसंग, ताटातूट, वेषांतर, गुप्त कारस्थाने आणि शेवटी होणारे पुनर्मीलन ही त्या वाटेची सामग्री. पुढे गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी ‘इंद्रभुवनगुहा’, ‘कालिकामूर्ती’, ‘बंधुद्वेष’ यांसारख्या कादंबऱ्यांतून ही सामग्री नव्या वाचकवर्गासाठी सिद्ध केली. दातारांसमोर आदर्श होता तो जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सचा. ज्या काळात इंग्रजीत कॉनन डॉयल वाचला जात होता, त्याच काळात मराठीत रेनॉल्ड्सची रूपांतरे रंगत होती, ही गोष्ट वरवर पाहता कालविपर्यासाची वाटते. वस्तुतः ती निवड होती. रेनॉल्ड्सच्या कथनातील रहस्य हे माणसाच्या लपवलेल्या वंशाचे, नावाचे आणि नात्याचे असते. आणि हे रहस्य मराठी वाचकाला आधीच परिचित होते.

बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांच्यापाशी ही परंपरा शहरात येते. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक होम्सप्रमाणे खुर्चीत बसून विचार करणारे नाहीत. ते कायद्याच्या कडेवर वावरतात, वेष पालटतात, दुष्टांना त्यांच्याच डावात पकडतात. पुढे गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप आणि सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांचे फिरोझ इराणी व बॅरिस्टर अमर विश्वास आले, तेव्हाही वेग, संकट आणि नायकाचे धाडस यांनाच अग्रस्थान राहिले. अमर विश्वासच्या रूपाने न्यायालय आले खरे, पण वाचकाला नायकाच्या आधी उत्तर शोधण्याचे आमंत्रण क्वचितच मिळाले.

फ्रँको मोरेट्टी यांनी २००० सालच्या एका बहुचर्चित निबंधात होम्सच्या समकालीन प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करून असे सुचविले की, वाचकाला उलगडता येईल असा दुवा हे तंत्र ज्यांना साधले नाही ते बाजारातून नाहीसे झाले. मराठीचा पुरावा या सिद्धांताला मर्यादा घालतो. अर्नाळकर-नाईक यांच्या कथांत उलगडता येणारा दुवा अभावानेच आढळतो आणि तरीही त्या अनेक दशके वाचल्या गेल्या. म्हणजे प्रकाराच्या जगण्यामरण्याचे कारण एकच एक तंत्र नसते. मराठीत ते कारण मालिकेतील ओळखीचा नायक, अल्प किंमत आणि दिवसाच्या भाड्याने पुस्तक देणारी खाजगी वाचनालये यांच्या संयोगात शोधावे लागते. एका रात्रीत वाचून सकाळी परत करावयाचे पुस्तक मागे वळून दुवे तपासू देत नाही. कूटकादंबरीला मात्र पाने उलटून मागे जाणारा वाचक गृहीत धरावा लागतो.

२. बंदिस्त वर्तुळाचा प्रश्न

इंग्रजी कूटकादंबरीने आपले वर्तुळ खेड्यातील जमीनदाराच्या वाड्यात आखले. पाहुणे ठरलेले, वेळापत्रक ठरलेले, बाहेर हिमवर्षाव. डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ सालच्या आपल्या निबंधात या जागेचे वर्णन निरागस स्वर्ग म्हणून केले. खून तेथे पाप म्हणून अवतरतो आणि गुन्हेगार सापडताच निरागसता परतते. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३० च्या दशकात ब्योमकेश बक्शीला प्रथम वाचकांसमोर आणताना कलकत्त्यातील एका मेसची निवड केली. निरनिराळ्या गावांहून आलेले, एकमेकांना अर्धवट ओळखणारे नोकरदार पुरुष एका छताखाली राहतात, ही परिस्थिती वाड्याची जागा उत्तम रीतीने भरून काढते. ब्योमकेश स्वतःला ‘डिटेक्टिव्ह’ न म्हणवता ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो आणि त्या मेसमध्ये प्रथम खोट्या नावाने राहतो, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मराठी लेखकापाशी चाळ होती. चाळ दाट वस्तीची खरी, पण कूटकादंबरीला हवी ती अर्धवट ओळख तेथे नसते. सामाईक व्हरांडा, सामाईक नळ आणि उघडी दारे यांमुळे कोण केव्हा आले-गेले याचा हिशेब प्रत्येकाला पाठ असतो. अशा जागी रहस्य बाहेरून, वेष पालटूनच येऊ शकते. मुंबईच्या रहस्यकथेत बहुरूपी गुन्हेगार आणि बहुरूपी नायक यांची जी दाटी दिसते, तिचे एक कारण या वस्तीच्या घडणीत आहे, असे अनुमान करता येते.

कूटकादंबरीला अनुरूप वर्तुळ मराठी माणसाला लाभले ते बहुधा महाराष्ट्राबाहेर. नवी दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांची वसाहत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिचे नाव माहेरच्या तांबे घराण्यातील मणिकर्णिकेचे, म्हणजे झाशीच्या राणीचे. परंतु तिची रचना प्रांताच्या वा भाषेच्या तत्त्वावर नाही. घर मिळते ते वेतनश्रेणीनुसार. नोंदवहीत क्रमांक, पदनाम, ताबा घेतल्याचा दिनांक असतो. शेजारी तमिळ, बंगाली, पंजाबी, मराठी. प्रत्येकाचा हुद्दा सर्वांना ठाऊक, पूर्वायुष्य कोणालाच ठाऊक नाही. बदलीची नोकरी प्रत्येकाला नवा आरंभ देते. ख्रिस्तींच्या कादंबऱ्यांतील युद्धोत्तर खेड्याची अवस्था नेमकी हीच आहे. शेजारी आता पिढीजात ओळखीचा राहिलेला नाही. तो स्वतःविषयी जे सांगतो तेच प्रमाण मानावे लागते, ही चिंता त्यांच्या उत्तरकालीन कादंबऱ्यांत वारंवार येते. दिल्लीतील अशा वसाहतीत वाढलेल्या वाचकाला ख्रिस्ती जवळची वाटली तर त्याचे कारण इंग्रजी वाड्याविषयीच्या आकर्षणापेक्षा या सामाजिक साधर्म्यात शोधणे अधिक युक्त होय. ही भूमी मराठी रहस्यकथेला वापरता आली असती. ती बहुतांशी न वापरलेली राहिली.

३. ‘तो मीच’ आणि ‘तो मी नव्हेच’

मराठी रहस्यवाङ्मयाचा मूलप्रश्न ‘खून कोणी केला?’ हा नसून ‘हा माणूस तोच आहे काय?’ हा आहे, असे प्रतिपादन आता करता येईल. त्याचा आदिबंध इतिहासातच सापडतो. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी सर्वांची खात्री पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी १७८३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत वैधव्य पत्करले नाही, असे परंपरा सांगते. या अनिश्चिततेतून सुखनिधान नावाचा तोतया उभा राहिला. त्याला पकडून कैदेत ठेवण्यात आले. १७७६ साली रत्नागिरीहून सुटका होताच त्याने कोकणात मोठी फौज जमवली आणि त्याच वर्षी त्याचा पाडाव होऊन त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकर यांनी ‘तोतयाचे बंड’ या नाटकातून हा विषय रंगभूमीवर आणला.

या प्रकरणात कूटाची सर्व सामग्री आहे. देहावरील खुणा, आठवणींची परीक्षा, साक्षीदारांतील मतभेद, आणि ज्यांचा स्वार्थ ओळख पटण्यात वा न पटण्यात गुंतला आहे असे पंच. तौलनिक अभ्यासकाला येथे सोळाव्या शतकातील फ्रान्समधील मार्तां गेर, एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील टिचबोर्न वारसा आणि बंगालमधील भोवाल संन्यासी ही प्रकरणे आठवतील. भोवालचा खटला १९३० साली दाखल झाला आणि प्रिव्ही कौन्सिलचा निकाल येईपर्यंत १९४६ उजाडले. पार्थ चटर्जी यांनी २००२ साली त्यावर ग्रंथ लिहिला तेव्हाही शीर्षकाच्या अखेरीस प्रश्नचिन्ह ठेवणे त्यांना आवश्यक वाटले. ओळखीच्या रहस्याचे हे वैशिष्ट्य आहे. खुनाच्या कूटात उत्तर पूर्ण असते. ओळखीच्या कूटात निकाल लागला तरी संशय शिल्लक राहतो.

या आदिबंधाचे आधुनिक मराठीतील सर्वांत समर्थ रूप कादंबरीत नव्हे, तर नाटकात आढळते; आणि त्याचा पहिला प्रयोग दिल्लीत व्हावा हा योगायोगही नोंदवण्याजोगा आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीच्या आयफॅक्स नाट्यगृहात झाला. मो. ग. रांगणेकर यांचे दिग्दर्शन, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकर यांनी साकारलेल्या पाच भूमिका यांमुळे हा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात जमा झाला. माधव काझी याच्या प्रत्यक्षातील खटल्याचा त्याला आधार होता. तोतया ‘तो मीच’ म्हणतो. लखोबा लोखंडे ‘तो मी नव्हेच’ म्हणतो. पहिल्याला एक जीवन बळकवायचे आहे, दुसऱ्याला अनेक जीवने नाकारायची आहेत. दोन्ही प्रकरणांत ओळख हीच मालमत्ता आहे.

रचनेच्या दृष्टीने हे नाटक कूटकादंबरीच्या नेमके उलट आहे. प्रेक्षकाला उत्तर आरंभापासून ठाऊक असते, कारण पाचही माणसे एकाच नटाच्या देहात त्याच्या डोळ्यांसमोर असतात. उत्कंठा असते ती वेगळ्या गोष्टीची. जे सर्वांना दिसते ते न्यायालयात सिद्ध होईल काय? ख्रिस्तींचा प्रेक्षक अज्ञानातून ज्ञानाकडे जातो. अत्र्यांचा प्रेक्षक ज्ञानाकडून पुराव्याकडे जातो. फसवल्या गेलेल्या स्त्रिया साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहतात तेव्हा त्यांचे अनुभवजन्य ज्ञान आणि कायद्याला हवे असणारे प्रमाण यांतील अंतर हेच नाटकाचे खरे रहस्य ठरते. जोसेफिन टे यांच्या १९४९ सालच्या ‘ब्रॅट फॅरर’ या कादंबरीत तोतयाचा विषय आहे, पण तेथेही तो एका मृत्यूच्या उलगड्याच्या सेवेस लावला जातो. मराठीत ओळख हेच साध्य आहे. दुष्यंताच्या अंगठीपासून ‘अभिज्ञान’ ही ज्या परंपरेची मध्यवर्ती संकल्पना आहे, तिच्यात असे घडावे हे स्वाभाविक मानता येईल. खुणेवरून पटणारी ओळख ही अ‍ॅरिस्टॉटलने सर्वांत कमी कलात्मक मानली होती. आपल्या परंपरेने तिच्यावर नाटके उभारली.

४. कबुलीजबाब, नोकर आणि आजचा वाचक

कूटकादंबरीचा शेवट दिवाणखान्यात होतो. सर्व संशयित जमतात, अन्वेषक दुवे जुळवतो, आणि गुन्हेगार बहुधा कबुली देतो. भारतीय वाचकासाठी या दृश्यात एक मूलभूत अडचण आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. कबुली कशी मिळवली जाते याविषयीचा अविश्वास कायद्यातच लिहून ठेवलेला असताना, ज्या कथेचा कळस कबुलीत आहे ती येथे निःशंकपणे वाचली जाणे कठीण. दुसरीकडे, ज्या शास्त्रावर ‘दुवा’ उभा आहे त्याचा एक उगम याच भूमीत आहे. विल्यम हर्शेल याने १८५८ साली बंगालमध्ये करारनाम्यावर हाताचा ठसा घेतला. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाची पद्धत सिद्ध करण्यात मोलाचा वाटा उचलला. कार्लो गिन्झबर्ग यांनी दुव्यांच्या ज्ञानपद्धतीची मांडणी करताना या वसाहतकालीन प्रसंगाकडे लक्ष वेधले आहे. हा ठसाही मुळात ‘कोणी केले?’ यासाठी नव्हे, तर ‘सही करणारा तोच का हा?’ यासाठी घेतला गेला होता.

आजच्या वाचनात दुसरा अडथळा नोकराचा आहे. व्हॅन डाइन यांच्या अकराव्या नियमानुसार गुन्हेगार नोकर असता कामा नये; ते उत्तर फार सोपे ठरते, असे त्यांचे म्हणणे. वरवर हा नियम नोकराला संशयातून मुक्त करतो. प्रत्यक्षात तो त्याला कथेतून वगळतो, कारण ज्याच्यावर संशय घेण्याइतकेही महत्त्व नाही तो माणूस म्हणून दिसत नाही. जी. के. चेस्टरटन यांनी १९११ च्या संग्रहातील एका कथेत नेमके हेच उघडे पाडले. तेथे चार साक्षीदार शपथेवर सांगतात की कोणीही आत गेले नाही. परंतु रोज येणाऱ्या-जाणाऱ्या एका सेवकाची त्यांनी माणसांत गणनाच केलेली नसते. सरकारी वसाहतीच्या नोंदवहीत घर ज्याच्या नावावर आहे त्याचा हुद्दा असतो. भांडी घासणारी, कपड्यांना इस्त्री करणारा, झाडू मारणारा यांची नोंद त्या वहीत नसते. जातिव्यवस्थेने घडवलेल्या समाजात ‘न दिसणाऱ्या माणसा’चे कूट केवळ बुद्धीचे राहत नाही. अभिजात कूटकादंबरी आज वाचताना संशयितांच्या यादीत कोण आहे यापेक्षा त्या यादीत कोण येऊच शकत नाही, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

‘उत्तर कळल्यावर पुस्तकात काय उरते?’ हा आक्षेप एडमंड विल्सन यांनी १९४५ साली घेतला होता. पिएर बायार यांनी १९९८ साली ख्रिस्तींच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) या कादंबरीचे पुनर्वाचन करून त्याला अप्रत्यक्ष उत्तर दिले. अन्वेषकाचा निष्कर्ष हाही एक अर्थनिर्णय आहे आणि तो चुकीचा असू शकतो, असे त्यांनी दाखवले. दुसऱ्या वाचनात वाचक अन्वेषकाच्या बाजूने न राहता अन्वेषकाला तपासतो. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये हीच उलटापालट अधिक निर्दयपणे झाली आहे. सर्वजण एका खोलीत जमतात, खेळ म्हणून खटला उभा राहतो, दुवे जुळवले जातात. आणि उघड होतो तो बेणारेचा गुन्हा नसून जमलेल्यांची क्रूरता. दिवाणखान्यातील अखेरचे दृश्य या नाटकानंतर मराठी वाचकाला निरागसपणे वाचता येत नाही.

५. उपसंहार

वरील विवेचनातून असे दिसते की, मराठीत कूटकादंबरी रुजली नाही याचे कारण बुद्धिचातुर्याचा अभाव हे नव्हे. कराराने बांधलेले कोडे मराठीला अपरिचित नव्हते. वेताळाच्या प्रत्येक कथेत सर्व माहिती ऐकणाऱ्यापुढे ठेवून मगच प्रश्न विचारला जातो. उत्तर ठाऊक असून मौन राखले तर राजाचे मस्तक फुटणार असते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या ‘वेताळपंचविशी’मुळे ही कोडी मराठी मुद्रित गद्याच्या आरंभकाळातच उपलब्ध झाली होती. परंतु वेताळाचा प्रश्नही बहुधा ‘कोणी केले?’ असा नसतो, ‘ही कोणाची?’, ‘खरा पती कोण?’, ‘दोष कोणाचा?’ असा असतो. नाते, ओळख आणि न्याय यांभोवती फिरणारी ही जिज्ञासा दातारशास्त्र्यांच्या गुहांतून, काळापहाडाच्या वेषांतरांतून आणि लखोबाच्या नकारांतून वाहत आली आहे. तिला इंग्रजी नियमांची फूटपट्टी लावली तर ती उणी दिसते. तिच्या स्वतःच्या प्रश्नासह वाचली तर इंग्रजी कूटकादंबरीच्या निश्चिंत उत्तरांचीच मर्यादा दिसू लागते.

हे वाचन शक्य व्हावयाचे तर संहिता उपलब्ध असणे ही पहिली अट आहे. भाड्याच्या वाचनालयांतील पुस्तके हातोहाती झिजली. हलका कागद, तारेची बांधणी आणि ‘हे वाङ्मय जतन करण्याजोगे नाही’ ही आपल्या ग्रंथालयांची व विद्यापीठांची समजूत, या तिहींनी मिळून मराठी रहस्यवाङ्मयाचा फार मोठा भाग अभ्यासाच्या कक्षेबाहेर ढकलला. फ्रँचेस्का ऑर्सिनी यांनी हिंदी-उर्दूतील जासूसी कादंबऱ्यांचा जसा मुद्रणव्यवहारासह अभ्यास केला, तसा मराठीत व्हावयाचा आहे. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादांतून मराठीत आल्या, होम्सकथा भालबा केळकरांनी आणल्या. परभाषेतील अन्वेषक आपण जपले. स्वतःचे जपले नाहीत. ज्या वाङ्मयाचा मूलप्रश्नच ओळखीचा होता, त्याची ओळख पटवणारे साक्षीदार आता थोडे उरले आहेत. तेव्हा पुस्तकांची सूची, प्रतींचे स्थाननिर्धारण आणि जुन्या वाचकांच्या व वाचनालयचालकांच्या मुलाखती ही कामे सिद्धांतचर्चेच्या आधी हाती घ्यावी लागतील. अनुमानाला आधार लागतो तो पुराव्याचा, आणि येथे पुरावाच नाहीसा होत चालला आहे.